दीडशे तास

आमच्या सोसायटीतल्या तळमजल्याच्या काकांनी कुणाला "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. गेटातून गाडी आत शिरली की खिडकीतून मान बाहेर यायची आणि एकच प्रश्न यायचा, "किती तास?" नवीन राहायला आलेला माणूस बिचारा सरळ मनाने सांगायचा, "दोन तास लागले काका, लिंक रोडला नुसती वाट लागलीय." काका डोळे मिटून घ्यायचे. "दोन तास! आणि काटा किती सरकला? अठरा किलोमीटर. अरे, त्या दोन तासांत इंजिनाने काय काय सोसलं असेल त्याचा विचार केलास कधी?" त्या माणसाला वाटायचं म्हातारा जरा सटकलेला दिसतो. आठवडाभरात काका त्याच्या गाडीचं बॉनेट उघडून उभे असायचे, आणि मग त्याची खात्रीच पटायची.

काका गावी गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्या खिडकीत नवीन लोकांनी एसी बसवलाय. मी गाडी आत घेते तेव्हा अजून माझं लक्ष तिकडे जातं आणि तो एसी बघून उगाच राग येतो.

गाडीचं इंजिन ऑइल किती दिवसांनी बदलायचं, या एका प्रश्नात काका जेवढे खोल उतरले होते तेवढं कुणी स्वतःच्या संसारातही उतरत नसेल. त्याचं कारण साधं होतं. काका मूळचे मालवणकडचे, पण आयुष्य गेलं मार्वे जेट्टीवरून मनोरीला जाणाऱ्या लाँचवर. तीस वर्षं ते तिथे इंजिन ड्रायव्हर. सुकाणू दुसऱ्याच्या हातात, हे आपले खाली इंजिनापाशी. खाडी ती केवढीशी, पलीकडचा माणूस शिंकला तर इकडे ऐकू यावं. दिवसभर तेवढ्यातच ये-जा. "तिथे किलोमीटर कसले मोजणार गो?" काका म्हणायचे. "बोटीला तास असतात. इंजिन किती तास फिरलं, तेवढंच खरं. दीडशे तास झाले की तेल बदल, विषय संपला. किलोमीटरचा काटा थापाड्या असतो. सिग्नलला गाडी उभी, काटा उभा, आणि इंजिन आपलं आत मरतंय."

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी, बिस्किटाच्या रंगाची गाडी घेतली आणि तिच्यात पुढच्या सीटवर एक पाटी ठेवली. शाळेतली, लाकडी चौकटीची खरीखुरी पाटी. गाडी चालू केली की खडूने वेळ लिहायची, बंद केली की लिहायची, घरी आल्यावर बेरीज. दीडशे भरले की तेल बदलायचं, पाटी ओल्या फडक्याने पुसायची आणि शून्यापासून सुरुवात. काकू गाडीत बसल्या की पाटी त्यांच्या मांडीवर. "सवत मांडीवर घेऊन फिरते मी," असं काकू सगळ्या बायकांना सांगायच्या. एका लग्नात तर त्यांच्या चांगल्या पैठणीवर खडूने सत्त्याऐंशी उमटलं होतं, उलटं. काकांनी ते आधी वाचलं आणि मग म्हणाले, "बरोबर आहे."

त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या रेघांत काळं तेल कायमचं मुरलं होतं. कुठलंही तेल आधी त्या दोन बोटांत चोळायचं, मग वास घ्यायचा, मग निकाल. गणपतीत काकू त्यांना मोदकाच्या उकडीला हात लावू द्यायच्या नाहीत. काका त्याबद्दल नाराज असायचे, कारण उकड किती मळायची हेही बोटांनाच कळतं असं त्यांचं म्हणणं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या लग्नातली गोष्ट तर अख्खी सोसायटी अजून सांगते. पाठवणी चाललेली, मुलगी आईच्या गळ्यात पडून रडतेय, फुलांनी सजवलेली नवऱ्याकडची गाडी गेटापाशी उभी. मंडळींना नाशिकला जायचं होतं. काका कधी पुढे गेले कुणाला कळलं नाही. एकदम बॉनेट उघडल्याचा आवाज आला आणि झेंडूच्या माळा पटापट तुटल्या. इंजिनातलं तेल मोजायची ती लांब सळी असते ना, डिपस्टिक, ती काढून काका मुलाच्या बापाच्या नाकासमोर धरून विचारत होते, "ह्या तेलावर तुम्ही कसारा घाट चढणार? आमची मुलगी बसवून?" तो गृहस्थ असा काही भडकला की विचारू नका. पण तेल खरंच खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. काकांनी घरातून आपला डबा आणून तेल घातलं, तोवर मुलगी रडायची थांबून घाम पुसत उभी. त्यांचे आभार कुणीच मानले नाहीत. काकांना त्याचं काही नव्हतं, इंजिनाने मानले असतील म्हणाले.

आता माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं, कारण बाबांशिवाय काका पुरे होत नाहीत. बाबा एका ऑफिसच्या कायदा विभागात हेडक्लार्क होते. छापलेलं सगळं वाचणारा माणूस. दाढीच्या साबणाच्या वेष्टनावरच्या सूचनासुद्धा. निवृत्तीच्या जरा आधी त्यांनी गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर नवी कोरी गाडी घेतली, आणि गाडीआधी गाडीबरोबर आलेल्या पुस्तकाला खाकी कव्हर घातलं. त्या पुस्तकात पान सत्तेचाळीसवर एक वाक्य होतं, त्याखाली बाबांनी पट्टी धरून लाल रेघ मारली. इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.

झालं! दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये यांची जुंपायची. बाबा पुस्तक घेऊन, काका पाटी घेऊन. काका बाबांना "हेडक्लार्क" म्हणायचे, बाबा काकांना "खलाशी". "अरे खलाशी, ज्यांनी गाडी बनवली त्यांना अक्कल नाही आणि तुला आहे?" "हेडक्लार्क, ज्यांनी गाडी बनवली ते कधी बोरिवली ते अंधेरी संध्याकाळी गेले नाहीत, लिहून देतो तुला." आई वरून चहाला हाका मारून थकायची. दोघांना दुसरा मित्र नव्हता. म्हणजे ओळखीचे खूप होते, पण रविवारी ज्याच्याशी भांडलं नाही तर सोमवार जड जातो असा एवढा एकच.

आणि तरीही ते घडलं. त्याच वर्षी मार्गशीर्षात मानखुर्दला माझ्या मावसभावाचा साखरपुडा होता. तिथे गाडी कुठे लावायची हे बाबांना कळलं नव्हतं, आणि जे कळलेलं नाही ते बाबा करत नसत, म्हणून आम्ही टॅक्सीने गेलो. घराची किल्ली नेहमीप्रमाणे काकूंकडे. गाडीची चावी दारामागच्या खिळ्याला.

संध्याकाळी परत आलो तर काका गेटात उभे, इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, जणू त्यांच्याच घरी साखरपुडा आहे. "हेडक्लार्क, गाडी जरा चालू करून बघ," म्हणाले. बाबांनी केली. काकांचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. "ऐकलंस? मांजरासारखी घुरघुरते! सकाळी काढलं ते तेल बघायला हवं होतंस, डांबर नुसतं. एकशे बासष्ट तास झाले होते रे. गप्प बसलो असतो तर मला पाप लागलं असतं."

बाबांनी इंजिन बंद केलं. "कुठलं तेल घातलंस?"

"माझ्याकडचं. चांगलं जाड. तुझं ते कंपनीचं सरबत नाही."

बाबा वर गेले, पुस्तक घेऊन खाली आले आणि भर पार्किंगमध्ये त्यांनी वॉरंटीचं पान मोठ्याने वाचून दाखवलं. बाहेरच्या माणसाने इंजिनाला हात लावला, वेगळं तेल घातलं, की वॉरंटी रद्द. दोन वर्षांची वॉरंटी, आणि हा माणूस आठव्या-नवव्या महिन्यात तिची माती करून बसलाय. बाबांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशी चढला. "तुला विचारलं होतं कोणी? ही खाडीतली लाँच नाही, माझी गाडी आहे. आणि तू कोण मोठा मेकॅनिक लागून गेलास? खलाशी आहेस तू, खलाशी!"

रोजचाच शब्द होता तो. पण त्या दिवशी तो असा काही बाहेर आला की मलाच कानकोंडं झालं. काका एवढंच म्हणाले, "बरं." आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी गाडी वर्कशॉपला नेली आणि एक दिवसाचं ताजं तेल काढून टाकायला लावलं. ते वॉचमनकडून काकांना कळलं. काकू आईला म्हणाल्या, आमचे हे दोन दिवस धड जेवले नाहीत, माझ्या हातचं अन्न उकिरड्यावर टाकल्यासारखं वाटतंय म्हणतात. खरं सांगू? चूक दोघांची होती. नव्या गाडीत ते जाड तेल घालायचं नव्हतंच, आणि बाबांनी जे म्हटलं ते तर मुळीच म्हणायचं नव्हतं. पण दोन म्हाताऱ्या गाढवांना हे सांगणार कोण?

सव्वा वर्ष अबोला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बाबा म्हणायचे, "सेक्रेटरीसाहेब, तळमजल्यावरच्यांना विचारा, पाण्याच्या पंपाचं काय झालं." काका तीन फुटांवर बसलेले. गणपतीचा प्रसाद बायकांच्या हातून ये-जा करायचा. काका खिडकीत बसायचे ते बसायचेच, सगळ्यांना "किती तास?" विचारायचे, फक्त आमची गाडी आली की घड्याळाकडे बघत गप्प. आम्हाला वाटायचं, अजून राग धरून बसलेत.

मग दिवाळीनंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं सावकाश झालं, पण डोकं आणि नियम दोन्ही जागेवर. गोळी आठची म्हणजे आठची. गाडी खाली धूळ खात पडली, तिच्या टपावर मांजर व्यायलं. माझ्याकडे लायसन्स होतं, पण लिंक रोडला गाडी घालायची हिंमत नव्हती.

एका रविवारी दार वाजलं. काका उंबऱ्याबाहेर उभे, चप्पल पायात. "वहिनी, चावी द्या. गाडी उभी राहून मरते." आईने खिळ्यावरची चावी काढून दिली. काका घुटमळले. "घरात एखादी पाटी आहे?" आईने माळ्यावरून माझी बालवाडीतली पाटी काढली, एक कोपरा उडालेली, चौकटीवर मी पेनाने मोर काढलेला. ती काखेत मारून काका खाली गेले.

तेव्हापासून दर रविवारी ते आमची गाडी गोराई जेट्टीपर्यंत नेऊन आणायचे, वीस-पंचवीस मिनिटं. जागेवर उभी ठेवून इंजिन चालू करण्याला त्यांचा सक्त विरोध होता. वर दुसऱ्या मजल्यावर बाबा पडल्या पडल्या आवाज ऐकायचे. "रेस देतोय. सांग त्याला, थंड इंजिनाला रेस द्यायची नाही. पान एकोणतीस." मी खाली जायचे. काका म्हणायचे, "सांग तेका, पुस्तक वाचून इंजिन चलत नाय." मी वर यायचे. मन हललं की काकांची मालवणी वर यायची, एरवी ते आमच्यासारखंच बोलायचे. "त्याला सांग, हवा बघ म्हणावं, पुढचं डावं चाक." "सांग तेका, हवा कालच बघलंय." आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. माझ्या पोटऱ्यांची पार वाट लागली.

चार महिने हा प्रकार चालला, आणि काका एकदाही उंबऱ्याच्या आत आले नाहीत. डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं, दुसरा झटका कधीही येऊ शकतो. माझ्या डोक्यात सारखं तेच. हे असेच, न बोलता गेले तर? खाली तो माणूस कसा जगेल? एकदा मी बाबांवर ओरडलेच, "बाबा, बोलवा ना त्यांना वर! तेलासाठी एवढं? लाज वाटते मला." बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "अजून वेळ आहे." मला असा संताप आला! म्हटलं, "मुहूर्त काढताय का?" त्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

पाडवा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या गोळीनंतर बाबा म्हणाले, "त्याला वर बोलाव. येताना डिपस्टिक घेऊन ये म्हणावं."

मी अक्षरशः धावत गेले. काका आले ते तोच इस्त्रीचा शर्ट घालून. दोन्ही हातांवर फडकं पसरलेलं, त्यावर ती सळी आडवी, देवाचं काही आणावं तशी. चप्पल बाहेर काढून थेट पलंगापाशी. बाबांनी चष्मा लावायला लावला. डाव्या हाताने तेल बोटांत चोळलं, अगदी काकांसारखं.

"काळं नाही झालेलं."

"नाही."

मग बाबांनी विचारलं, "किती तास झाले?"

आई पोळ्या करत होती, ती लाटणं हातात घेऊन दारात आली. बाबांच्या तोंडून हा प्रश्न आम्ही कधी ऐकला नव्हता.

"अठ्ठ्याण्णव," काका म्हणाले. "गेल्या पाडव्यापासून."

"दिवाळीपर्यंत तर मी चालवत होतो. तुला काय ठाऊक?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले. "मग मी खिडकीत बसून काय माश्या मारत होतो? गेलास ती वेळ, आलास ती वेळ, सगळं लिहिलंय. कांदिवलीला बहिणीकडे जाऊन तू तीन तास बसतोस, ते वजा केलेत."

बाबा हसले. अर्धंच तोंड हसलं, पण केवढं हसले! आईने पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि मग स्वतःचे डोळे.

"पुस्तकाप्रमाणे वर्ष झालं काल," काका हळूच म्हणाले. "नेऊ वर्कशॉपला? तुझ्या त्या कंपनीच्याच?"

"नको. ऐक." बाबांना एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. "वॉरंटी संपली. दोन वर्षं. तारखेने आठवड्यापूर्वी, तिथीने काल. मी दोन्ही धरून होतो."

"म्हणून आज बोलावलंस?"

"आधी कसा बोलावणार? तू हात लावल्याशिवाय राहिला असतास?"

काकांनी मान खाली घातली. नसते राहिले, हे त्यांनाही माहीत होतं.

"आता तुझा नियम," बाबा म्हणाले. "दीडशे झाले की बदल. तूच बदल. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस, खलाशी."

"बरं, हेडक्लार्क," काका म्हणाले, आणि एवढ्या गडबडीत सळी कलली आणि तेलाचा थेंब पांढऱ्या चादरीवर पडला. आई ओरडली दोघांवर. तो डाग कशानेही गेला नाही. चादर अजून आमच्याकडे आहे.

पुढचे दोन महिने काका रोज वर यायचे आणि दोघं मनसोक्त भांडायचे. मग एका सकाळी बाबा गेले. झोपेतच, आठच्या गोळीच्या आधी.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी बेल वाजवली. एका हातात घमेलं, दुसऱ्यात सतरा नंबरचा पाना. "बाबांचं पुस्तक घेऊन खाली ये," म्हणाले. खाली गाडीची पुढची चाकं त्यांनी लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती. म्हटलं, "काका, अजून एकशे दोनच झालेत. दीडशे कुठे झाले? तुमच्या हिशोबाने तर तेल चांगलं आहे."

काका गाडीला टेकून खाली बसले. "तुझ्या बापाशीन माझ्यासाठी दोन म्हयने नियम मोडलान गो. जलमात पयल्यांदा. आता पुरे झाला." मग नाक पुसून म्हणाले, "वाच. पान सत्तेचाळीस. तेल कुठलं लिहिलंय?"

मी वाचलं. त्यांनी तेच आणलं होतं. तेच, ज्याला जन्मभर सरबत म्हणून नावं ठेवली. त्यांचे गुडघे वाकेनात म्हणून गाडीखाली मी आडवी झाले, त्यांनी सांगितलं तसा नट वायसरच्या चकतीसकट सोडवला आणि ते अजून धड काळंही न झालेलं तेल घमेल्यात पडायला लागलं. मी तिथेच, गाडीखाली, हमसून हमसून रडले. काका बाहेरून म्हणत राहिले, "वायसर हरवू नको, वायसर हरवू नको."

सगळं झाल्यावर मी पाटी पुसायला फडकं घेतलं. तेल बदललं की शून्य, हा तर त्यांचाच कायदा. त्यांनी माझा हात धरला. "ती नाही पुसायची. वर्षाचं तेल पुस्तकाचं. पाटी हेडक्लार्कने सांगितलेली आहे."

पुढच्या पाडव्यालाही असंच झालं. पुस्तकाप्रमाणे तेल नवीन, आणि पाटीवर तास पुढे चालू. काढलेलं तेल इतकं चांगलं असायचं की काका ते सोसायटीच्या गेटाच्या बिजागऱ्यांना, पंपाला, लोकांच्या सायकलच्या चेनांना घालत फिरायचे. मला त्यांनी लिंक रोडला गाडी घालायला शिकवलं. म्हणजे शेजारी बसून, पाटी मांडीवर घेऊन, सिग्नलला "बघ, इंजिन आत मरतंय" असं म्हणत राहिले.

मग काकूंचे गुडघे गेले, काकांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि गणपतीच्या आधी दोघं कायमचे गावी गेले. जुनी गाडी कुणाला तरी दिली. जाताना सतरा नंबरचा पाना माझ्या हातात ठेवला. "पाडव्याचं तू कर," एवढंच. काकू तर गाडीत बसताना म्हणाल्या, "मी काय आता परत या मुंबईत पाय ठेवत नाही, आणि ह्यांनाही ठेवू देणार नाही."

यंदाच्या पाडव्याला मी एकटीने केलं. वॉचमन बघत उभा होता, "मॅडम, गॅरेजला द्यायचं ना" म्हणत. दर रविवारी गोराई जेट्टीला जाते, येते, खडूने लिहिते.

गेल्या रविवारी परत आले, बेरीज केली. दीडशे.

गाडीतच बसून मी गावी फोन लावला. मागे कोंबड्यांचा आवाज, काकूंचं "कोण आसा?"

"काका, दीडशे झाले."

पलीकडून नेहमीचं, "तेल कसा आसा?"

"पाडव्याचं तर आहे. मधासारखं दिसतंय. पण बाबांनी सांगितलेलं ना, म्हणून म्हटलं आज दुपारीच करून टाकते मी. पाना आहे माझ्याकडे."

"खबरदार!" काका एवढ्या जोरात ओरडले की मी फोन कानापासून लांब धरला. "तेनी कोणाक सांगलेलान? तुका? दुसऱ्या कोणाक हात लावूक देव नको, असा सांगलेलान माका. मी येतंय."

"अहो काका, डोळा, गुडघे, एवढा प्रवास... चांगलं तेल आहे हो ते!"

"मी येतंय. शुक्रवारी सकाळी बोरिवलीक उतरतंय. ठोकळे काढून ठेव. आणि तोपर्यंत गाडी चालू करू नको, एक मिनिट पण नाही. दीडशे म्हणजे दीडशे."

मागून काकूंचा आवाज चढलेला ऐकू येत होता, आणि काका त्यांना सांगत होते की हेडक्लार्काचं काम आहे, नाही म्हणता येत नाही. मग फोन बंद झाला.

आज बुधवार आहे. आईने काकांसाठी आतली खोली झाडून घेतलीय आणि कपाटातून ती डागाची चादर काढून धुवायला टाकलीय. मी ठोकळे पुसून ठेवलेत, पुस्तकाप्रमाणे तेल आणलंय. गाडी रविवारपासून जागची हललेली नाही.